मोबिलिटी स्कूटर: लायसन्स लागत नाही, शिकावं मात्र लागतं

मोबिलिटी स्कूटरवर, म्हणजे लांब चालवत नाही अशांसाठीच्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीवर, पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाकडून एक चूक फार सहज होते. समोर दार किंवा भिंत येते, मन दचकतं आणि हात हँडल घट्ट आवळतात. सायकल चालवलेली असो की मोटारसायकल, धोका दिसला की दाबायचं, एवढंच त्या हातांना आयुष्यभर ठाऊक असतं. या गाडीत मात्र बोटांखाली ब्रेक नसतो, वेगाचा खटका असतो. तो दाबला की गाडी पुढे झेपावते. थांबायचं तर हात सैल सोडावा लागतो. घाबरलेल्या माणसाला ‘सोड’ म्हणणं आणि त्याने सोडणं यात बरंच अंतर आहे. सांगून हे समजतं, पण वेळ आली की आठवत नाही. सरावाने अंगात मुरलं तरच हात आपोआप सुटतो.

एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही गाडी शिकवली जायला हवी. प्रत्यक्षात अनेकांची सुरुवात अशी होते: गाडी घरी येते, विक्रेता पाच मिनिटांत चावी, चार्जर आणि खटका दाखवतो, आणि माणूस रस्त्याला लागतो. त्यातल्या कित्येकांनी पूर्वी मोटार चालवलेली असते, त्यामुळे ‘हे काय, खेळणंच की’ असं वाटतं. गाडी हळू चालते हे खरं. पण ती चालवणारा माणूस बहुधा आजारातून उठलेला, म्हातारा झालेला किंवा शरीराचा एखादा भाग साथ देत नसलेला असतो, आणि ती चालते ती पायी जाणाऱ्यांच्या मधून. हळू गाडी सोपी असतेच असं नाही.

आधी गाडी समजून घेऊ

एक आसन, समोर हँडल, तीन किंवा चार चाकं आणि आसनाखाली बॅटऱ्या, अशी ही गाडी. इलेक्ट्रिक व्हीलचेअर जॉयस्टिकवर एका हाताने चालते. स्कूटरचं हँडल मात्र वळवावं लागतं, त्यासाठी खांदे आणि हात उचलता यावे लागतात, आणि आधाराशिवाय पाठ ताठ ठेवून बसता यावं लागतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ मध्ये ‘अमिगो’ नावाची अशी गाडी बनवली, ती मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या घरच्या माणसासाठी. चार पावलं टाकता येतात पण लांब चालवत नाही, अशा माणसाची ही गाडी. आजही ती मुख्यतः अशांसाठीच आहे.

बहुतेक स्कूटरमध्ये हँडलला एक आडवा खटका असतो. एका बाजूने ओढला की गाडी पुढे, दुसऱ्या बाजूने ओढला की मागे. कोणती बाजू कशाची, हे मॉडेलप्रमाणे बदलू शकतं, म्हणून दुसऱ्याची गाडी घेतली की आधी तेच तपासायचं. खटका सोडला की मोटर गाडीचा वेग कमी करते आणि शेवटी विद्युतचुंबकीय ब्रेक लागतो. या ब्रेकची रीत उलटी आहे: वीज मिळते तोवर तो सुटलेला राहतो, वीज बंद झाली की जखडतो. म्हणूनच बॅटरी संपली तरी गाडी उतारावरून घरंगळत नाही. आणि म्हणूनच चालत्या गाडीची चावी फिरवायची नसते. गाडी जागच्या जागी अडकते आणि माणूस पुढे फेकला जातो. काही मोठ्या स्कूटरना सायकलसारखा वेगळा हातब्रेकही असतो. तो असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण एकाच मुठीत एक गोष्ट दाबायची आणि एक सोडायची असते.

बंद पडलेली गाडी ढकलता यावी म्हणून मागे एक दांडा असतो. तो फिरवला की ब्रेक मोकळा होतो. हा दांडा मोकळा असताना माणूस आसनावर असेल आणि जमीन उताराची असेल, तर गाडीला थांबवणारं काहीही उरत नाही. प्रशिक्षणात हा दांडा हाताने हलवून दाखवायला हवा आणि ‘उतारावर कधीच नाही, माणूस बसलेला असताना कधीच नाही’ हे पाठ करून घ्यायला हवं. बरोबर चालणाऱ्या घरच्या माणसालाही, कारण तो दांडा बहुधा तोच ओढणार असतो.

वेगाची कमाल मर्यादा ठरवणारी एक चकती हँडलजवळ असते. अनेक गाड्यांवर तिच्या एका टोकाला कासवाचं आणि दुसऱ्या टोकाला सशाचं चित्र असतं. शिकताना कासव. घरात, दुकानात, लिफ्टमध्ये, गर्दीत कासव. उलटं जाताना तर कासवच.

कायदा काय मागतो

अनेक देशांत याचं उत्तर चकित करणारं आहे: चालवण्याच्या कौशल्याचा पुरावा जवळजवळ कोणीच मागत नाही.

ब्रिटनचं उदाहरण सविस्तर घेण्यासारखं आहे, कारण तिथे या गाड्यांचे वर्ग कायद्यात नीट पाडलेले आहेत. दुसऱ्या वर्गातली गाडी ताशी ४ मैल, म्हणजे साधारण ६.४ किलोमीटर वेगाची, ती फुटपाथसाठी. तिसऱ्या वर्गातली गाडी रस्त्यावर ताशी ८ मैलांपर्यंत, म्हणजे १२.८ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, पण फुटपाथवर चढली की तिलाही ४ मैलांची मर्यादा. तिसऱ्या वर्गाच्या गाडीची नोंदणी करावी लागते, चालवणाऱ्याचं वय किमान १४ असावं लागतं, गाडीला दिवे, हॉर्न आणि आरसा असावा लागतो. चालवण्याचा परवाना मात्र दोन्हींना नको. विमा सक्तीचा नाही, घ्यावा असा सल्ला आहे. नजरेची कायदेशीर अट नाही, १२.३ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता यावी, अशी फक्त सूचना आहे. मोटार चालवणाऱ्याला तिथे तीच प्लेट २० मीटरवरून वाचता यावी लागते, आणि ती सूचना नाही, सक्ती आहे.

एक बारकावा मला फार बोलका वाटतो. ही गाडी चालवायची तर चालण्यात अडचण असलेली व्यक्तीच हवी, असं तिथला नियम म्हणतो. याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे अपंग व्यक्तीला गाडी शिकवणारा माणूस. म्हणजे कोणीतरी शिकवणार हे कायद्याने गृहीत धरलं आहे. शिकणं सक्तीचं मात्र केलेलं नाही.

जर्मनीत ताशी १५ किलोमीटरपर्यंतच्या अशा गाडीला चालवण्याचा परवाना लागत नाही; ६ किलोमीटरपेक्षा वेगवान असेल तर विम्याची पाटी लावावी लागते. नेदरलँड्समध्ये जबाबदारीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा, विमा सक्तीचा आहे, परवाना नाही. जपानमध्ये ताशी ६ किलोमीटरपर्यंतची स्कूटर चालवणारा कायद्याच्या नजरेत पादचारीच असतो. सिंगापूरने वेगळी वाट धरली. तिथे २०२५ मध्ये कायदा बदलला, वेगमर्यादा १० वरून ६ किलोमीटरवर आणायचं ठरलं, आणि स्कूटर वापरण्यासाठी वैद्यकीय गरजेचा दाखला आणण्याची तरतूद झाली. तरुण, धडधाकट माणसं या गाड्या फिरवू लागल्याची तक्रार तिथे होती. पण नीट पाहिलं तर हा दाखलाही ‘गाडीची गरज आहे’ एवढंच सांगतो. ‘गाडी चालवता येते’ हे तो सांगत नाही.

कायदे इतके सैल का? त्यामागे निष्काळजीपणा नाही, एक विचार आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने अशा गाड्यांना मोटार वाहनाच्या व्याख्येतून बाहेर काढलं. गाडी ही त्या माणसाची पावलं आहेत, आणि चालण्यासाठी कोणी परीक्षा देत नाही, मग त्यानेच का द्यावी, असा त्यामागचा आग्रह. तो आग्रह मला पटतो. घराबाहेर पडण्याचा एकमेव मार्ग असलेल्या माणसापुढे परीक्षेची भिंत उभी केली तर नापास होण्याच्या भीतीने तो घरातच बसेल. आणि घरात बसून राहण्याचेही शरीरावर, मनावर परिणाम होतात. ते अपघाताच्या नोंदीत दिसत नाहीत, एवढंच.

पण परीक्षा नको म्हणजे शिकवणीही नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. इथेच सगळी गल्लत झाली आहे असं मला वाटतं. परीक्षा माणसाला अडवते, शिकवणी त्याला बाहेर नेते. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने २०१० मध्ये या गाड्यांवर अहवाल दिला, तेव्हा अपघातांची नीट आकडेवारीच हाताशी नाही ही मोठी अडचण पुढे आली. सक्ती करावी की नाही हा वाद त्यामुळे अंदाजांवरच फिरत राहिला. शिकवणी सुरू करायला मात्र आकडे हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही.

सक्तीची छोटी उदाहरणं आहेत, आणि ती जिथे जागा अरुंद आहे तिथली आहेत. ब्रिटनमध्ये बसचालक कंपन्यांच्या संघटनेने स्कूटर बसमध्ये घेण्यासाठी एक नियमावली केली. गाडी दुसऱ्या वर्गाची, रुंदीला ६०० आणि लांबीला १००० मिलिमीटरच्या आत हवी, आणि माणसाला ती रॅम्पवरून चढवून बसच्या आत सुखरूप वळवता येते हे दाखवून पास मिळवायचा. परीक्षेपेक्षा ही तालीमच जास्त. रिकाम्या बसमध्ये, मागे रांग लावून कोणी उभं नसताना, दोन-तीनदा करून पाहायचं. असं असेल तर अट जाचक वाटत नाही.

येतं म्हणजे नेमकं काय येतं

या क्षेत्रात काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, ‘चालवता येतं का’ या एका प्रश्नाचे बरेच तुकडे करतात. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातल्या डलहौसी विद्यापीठात व्हीलचेअर कौशल्यांची एक चाचणी आणि तिला जोडून प्रशिक्षणक्रम तयार झाला आहे. त्यात स्कूटरसाठीही वेगळी आवृत्ती आहे. तिची रचना शिकण्यासारखी आहे. पुढे जाणं, मागे येणं, जागेवर वळणं, दार उघडून आत जाणं, चढ, उतार, आडवा उतार, खड्डा ओलांडणं, आसनावर बसणं-उठणं, अशी एकेक कृती घेतात आणि ती जमते की नाही ते पाहतात. जे जमत नाही ते शिकवतात. एक गोष्ट जमली नाही म्हणून पूर्ण माणूस नापास होत नाही. कदाचित त्याला दार उघडणं जमत नसेल पण ते दार त्याच्या रोजच्या वाटेवर नसेलही.

कृतींच्या आधी शरीर. हाताची पकड, मान वळणं, पाठीचा तोल, बसून उठण्याची ताकद या गोष्टी दिसतात, त्यामुळे त्या तपासल्या जातात. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त घातक असतात, आणि त्यातल्या एकीवर जरा थांबायला हवं.

पक्षाघातानंतर, विशेषतः मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असेल तर, काही माणसांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात. नंबरप्लेट वाचून होते. पण डावी बाजू त्यांच्या जगातून जणू पुसलेली असते. ताटाच्या डाव्या अर्ध्या भागातलं अन्न तसंच राहतं, दाढी एकाच बाजूची होते, आणि स्कूटर डावीकडच्या चौकटीला, खांबाला, माणसाला घासत जाते. सगळ्यात अवघड भाग असा की त्यांना स्वतःला काही चुकतंय असं वाटत नाही. ज्याला कमी दिसतं त्याला आपल्याला कमी दिसतं हे कळतं, तो मान वळवतो, थांबतो. ज्याचं लक्षच एका बाजूला जात नाही त्याला वळून पाहायचं सुचत नाही. अशा माणसाला ‘डावीकडे बघा’ असं कितीही सांगितलं तरी भागत नाही. काहींना ठरावीक खुणेवरून डावीकडे नजर नेण्याची सवय लावता येते. उदाहरणार्थ, हँडलच्या डाव्या टोकाला भडक रंगाची पट्टी लावायची आणि ती दिसेपर्यंत निघायचं नाही. काहींना तेही जमत नाही, आणि मग एकट्याने बाहेर जाणं धोक्याचं आहे असं स्पष्ट सांगावं लागतं. विक्रेत्याच्या पाच मिनिटांत हे कधीच कळणार नाही.

नजरेतही नुसती अक्षरं वाचणं पुरत नाही. काचबिंदूत बाजूची दृष्टी जाते आणि माणूस नळीतून पाहावं तसं पाहतो. खालच्या भागातली दृष्टी गेली असेल तर फुटपाथची कड आणि पायरी दिसत नाही, समोरचा बोर्ड मात्र स्पष्ट दिसतो. मोटार चालवणं नजरेमुळे सोडावं लागलेली माणसं स्कूटरकडे वळतात, हे लक्षात घेतलं तर नेत्रतपासणीचा आग्रह का धरायचा ते कळेल.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. झोप आणणारी औषधं. अचानक येणारी चक्कर किंवा फीट. साखर एकदम उतरणं. थकवा, जो सकाळी नसतो आणि परतीच्या वाटेवर येतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला गाडी चालवणं हातांना आठवतं, पण अनोळखी वाटेवर बिचकायला होतं. तिथे ओळखीचा, ठरलेला मार्ग काही काळ पुरतो. ही सगळी माहिती डॉक्टरांकडे असते, स्कूटर विकणाऱ्याकडे नसते, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही.

शिकवणी कशी असावी

पहिला धडा गाडी बंद असताना. चावी काढलेली, आसन फिरवून कुलूपबंद केलेलं, आणि मग बसणं. चावी लावलेली असताना उठ-बस केली तर सदऱ्याची बाही, पर्सचा पट्टा किंवा आधारासाठी टेकलेला हात खटक्यावर पडतो आणि गाडी निसटते. हँडल धरून उठायचं नाही. हात आसनाच्या बाजूंवर.

दुसरा धडा फक्त थांबण्याचा. मोकळ्या, सपाट जागेत कासवाच्या वेगाने तीन हात जायचं आणि सोडायचं. पुन्हा. पुन्हा. शिकवणाऱ्याने मधेच ‘थांबा!’ म्हणून ओरडायचं, कारण दचकूनही हात सुटला पाहिजे. हे वीस-तीस वेळा झालं की हातात नवी सवय बसू लागते. मी शिकवणीचा निम्मा वेळ यालाच देईन. वळणं, दारं, मागे येणं हे नंतर जमतं. थांबणं आधी पक्कं झालं नसेल तर तेही जमत नाही.

मग वळण. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. वळताना गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट. तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६.४ किलोमीटरने गेलं तर हा जोर गाडी आणि माणसाच्या वजनाच्या जेमतेम एक दशांश असतो. तेच वळण १२.८ ने घेतलं तर चार दशांशांहून जास्त. उंच आसन, अरुंद चाकं आणि वर बसलेला माणूस अशी रचना असलेल्या गाडीला उलटायला तेवढा पुरू शकतो. तीन चाकांची गाडी आणखी नाजूक, कारण तिचा पाया त्रिकोणी असतो आणि पुढच्या टोकाकडे तो निमुळता होतो. तिचं वळण छोटं, घरात ती सोयीची. बाहेर उंचसखल जागी चार चाकं जास्त भरवशाची. शिकणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे: वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही, आणि शरीर वळणाच्या आतल्या बाजूला कलवा.

धडकेचंही असंच. गाडी १०० किलोची आणि माणूस ८० किलोचा धरला तर १८० किलो पुढे सरकत असतात. ताशी ६.४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटरहून थोडं जास्त. दचकून हात सुटायला एक सेकंद लागला तरी तेवढं अंतर गाडीने कापलेलं असतं, आणि मग ती थांबायला लागते. समोरून चालणारं लहान मूल तेवढ्या अंतरात असतं. वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट होतं आणि धडकेतली ऊर्जा चौपट. म्हणून फुटपाथवर पायी चालणाऱ्यांच्या मागून जाताना त्यांच्याच चालीने जायचं. हॉर्न वाजवून वाट मागण्यापेक्षा तोंडाने ‘जरा येऊ का?’ म्हटलेलं बरं. पाठमोऱ्या माणसाला हॉर्नने दचकवलं तर तो नेमका कोणत्या बाजूला सरकेल सांगता येत नाही.

चढ-उताराला सरळ सामोरं जायचं, तिरकं नाही. तिरकं गेलं की वजन खालच्या बाजूच्या चाकांवर येतं आणि गाडी कुशीवर पडते. चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे रेलायचं, आणि मध्येच वळायचं नाही. रॅम्पचा १ ला १२ हा प्रचलित उतार सुमारे पावणेपाच अंशांचा असतो. तुमची गाडी किती अंश झेपवते ते तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. तो आकडा ठरावीक वजनासाठी असतो हे मात्र विसरू नये. आसनाच्या पाठीला अडकवलेल्या जड पिशव्या सगळं गणित मागे खेचतात. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, चढावर पुढची चाकं हलकी होतात, हँडल वळवलं तरी गाडी वळत नाही, आणि वाईट वेळ असेल तर ती मागे पालथी होते. सामान पुढच्या टोपलीत किंवा पायांशी, आणि थोडंच.

फुटपाथची कड हा सगळ्यांत अवघड भाग. उतरता भाग केलेला असेल तर तिथूनच, चार पावलं लांब पडलं तरी. नाइलाज असेल तर कडेला काटकोनात, दोन्ही बाजूंची चाकं एकदम लागतील अशी. तिरप्या कोनात एक चाक वर आणि एक खाली झालं की गाडी कलंडते. पुस्तिकेत दिलेल्या उंचीपेक्षा उंच कड असेल तर प्रयत्नच करायचा नाही. हे शिकवताना बाजूला पकडायला माणूस हवाच.

रस्ता ओलांडताना एक गोष्ट मोटार चालवलेल्यांना हटकून चकवते. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. उभ्या मोटारींच्या मधून त्याला पलीकडचं दिसत नाही, आणि पलीकडच्यालाही तो दिसत नाही. शिवाय गाडीचं नाक त्याच्या डोळ्यांच्या बरंच पुढे असतं. नीट दिसेल इतकं पुढे यावं तर चाक आधीच रस्त्यावर आलेलं असतं. उलट्या येणाऱ्या मोटारीच्या मागे आणि ट्रकच्या अगदी पुढे तर थांबायचंही नाही, चालकाला ती जागा दिसतच नाही. उंच काठीवरचा झेंडा, भडक जाकीट, दिवसाही लावलेले दिवे यांचा उपयोग होतो, पण खरी युक्ती म्हणजे ओलांडण्याची जागा बदलणं. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याबरोबर त्याच्या रोजच्या वाटेवरून एकदा जावं आणि प्रत्येक ओलांडण्याची जागा ठरवून द्यावी. मोकळ्या मैदानातल्या दहा तासांपेक्षा हा एक तास जास्त कामाचा.

बॅटरीविषयी थोडक्यात. कंपनीने दिलेलं अंतर हे सपाट रस्ता, नवी बॅटरी आणि ठरलेलं वजन धरून काढलेलं असतं. थंडी, चढ आणि जुनी बॅटरी ते बरंच खाली आणतात. काटा अर्ध्यावर आला की परत फिरायचं, शेवटच्या खुणेची वाट पाहायची नाही. चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरायचा, आणि घराबाहेर पडण्याच्या वाटेवर गाडी चार्जिंगला लावायची नाही. आग लागलीच तर तीच वाट लागणार असते, आणि या घरातल्या माणसाला उडी मारून पलीकडे जाता येणार नसतं.

एकदा शिकून झालं की

शिकलेलं कौशल्य राहतं, शरीर बदलतं. आज जमतं ते दोन वर्षांनी जमेलच असं नाही, म्हणून अधूनमधून पुन्हा पाहायला हवं: दवाखान्यातून परतल्यावर, औषध बदलल्यावर, चष्मा बदलल्यावर, पडल्यावर. गाडीवर नवे ओरखडे दिसू लागले, तेही एकाच बाजूला, तर ती सूचना समजावी. ओरखडे बोलतात, माणूस बहुधा बोलत नाही. गाडी काढून घेतील अशी भीती त्याच्या मनात असते.

ती भीती खोटी नाही. घरच्यांना काळजी वाटली की पहिला उपाय चावी लपवण्याचा सुचतो. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. विक्रेता किंवा तंत्रज्ञ गाडीच्या कंट्रोलरमध्ये कमाल वेग कायमचा कमी करून देऊ शकतो, आणि पुष्कळ गाड्यांमध्ये सुरुवातीचा झटका कमी होईल अशी जुळणीही करता येते. हात थरथरत असेल तर तेवढ्यानेही गाडी शांत चालते. मार्ग ठरवून घेता येतो: पार्कपर्यंत हो, मोठ्या चौकापलीकडे नाही. वेळ ठरवता येते: उजेडात हो, तिन्हीसांजेला नाही. हँडल जड होत असेल तर जॉयस्टिकच्या खुर्चीचा विचार करता येतो. बरोबर कोणी चालायला असेल तर आणखी बरंच शक्य होतं. यातलं काहीच पुरत नसेल तेव्हाच गाडी थांबवायची, आणि तेही त्या माणसासमोर बसून, त्याच्या तपासणीचे निकाल त्यालाच दाखवून, आणि उद्यापासून त्याला बाहेर कोण, कधी, कशातून नेणार हे त्याच बैठकीत ठरवून.